चार ताडपत्र्या, पंधरा दिवस

तर वर्षाली त्या दिवशी वनमालाकाकींच्या माळ्यावर चढलेली, वरून एकेक वस्तू खाली देतेय, आणि खाली काकी उभ्या, पदर खोचलेला, नाकाला रुमाल, आणि दर वस्तूला "अगंबाई!" जव्हारला काकींचं कापडाचं दुकान, दुकानाच्या वर घर, आणि दिवाळीच्या साफसफाईला वर्षाली जामसरहून रोजाने यायची. पहिली किसणी निघाली. मग दुसरी. मग एका डब्यात पिशवी, पिशवीत पुडकं, पुडक्यात तिसरी, नवीकोरी, कागदासकट! दुपारपर्यंत सहा किसण्या ओट्यावर ओळीने, शाळेत प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या.

"सहा गं, वर्षाली!" काकी मटकन बसल्या. "आणि परवाच मी ह्यांना म्हटलं, येताना किसणी आणा, घरात एक धड किसणी नाही."

काकींचे यजमान मधुकरशेठ जेवायला वर आलेले. ते म्हणाले, "आणली की. सातवी पिशवीत आहे."

वर्षाली इतकी हसली, इतकी हसली, की काकींनी तिला धरून खाली उतरवलं. कारण पाचवा महिना होता तिला. काकी म्हणाल्या, "हस तू. तुझ्या घरी बघ जाऊन."

झालं! जीपमध्ये बसली आणि हसू जिथल्या तिथे थांबलं. कारण तिच्या घरी तर याच्या वरताण होतं.

आता बघा, जामसरला शेत थोड्यांचं, मजुरी सगळ्यांची. वर्षालीच्या नवऱ्याचं, सुरजचं, बापजाद्यांपासून शेत नाहीच. दुसऱ्याचं भात कापायचं, आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी ट्रकने भिवंडीकडे वीटभट्टीवर, ते थेट पावसाच्या तोंडावर परत. जाताना घराला कुलूप. आणि कुलूप असलेल्या घरात चांगली वस्तू कुणी ठेवत नाही. बोचकी बांधायची. एक काकाकडे, एक नणंदेकडे, एक घरातच पेंढ्याखाली अशा जागी की चोराच्या बापालाही सापडू नये. म्हणजे एका घरात चोरी झाली तरी सगळं जात नाही. हुशारी हां! पण परत येतात तेव्हा माणसं थकलेली, पाऊस डोक्यावर, बोचकी आणतो कोण? आणि पुन्हा निघायची वेळ आली की कुठलं बोचकं कुणाकडे, हे कुणाला आठवतंय? मग मोखाड्याच्या बाजारात जायचं आणि भट्टीवरच्या खोपटावर घालायला नवी ताडपत्री आणायची. दर वर्षी. गावात सगळ्यांचं हेच.

आणि सुरज आदल्याच दिवशी म्हणालेला, "रविवारी ठाण्याला निघतो. पंधरा दिवस बिगारी करतो, त्यात ताडपत्री, ड्रम, बादल्या, घमेली होतील. तिथनंच भट्टीवर जाईन."

म्हणजे दिवाळी गेली.

वर्षालीने मनात दिवाळ्या मोजल्या होत्या. लग्नाला तीन वर्षं. पहिल्या दिवाळीला तो असाच ठाण्याला. दुसऱ्या दिवाळीला दोघंही ठाण्याला, अर्ध्या बांधलेल्या बिल्डिंगखाली चाळीस माणसांत, फटाके दुसऱ्यांचे, धूर आपल्याला. तिसऱ्या दिवाळीला ती तापाने माहेरी पडलेली. घरची दिवाळी एक नाही. आणि यंदा पोटामुळे ती भट्टीवर जाणार नव्हती, म्हणजे तो रविवारी गेला की थेट पावसाच्या तोंडावर दिसणार. बाळाचं तोंडसुद्धा त्याच्याआधी सगळं गाव बघणार.

तर जीपमध्ये, दोन बायकांच्या मध्ये चेपलेली, ती एकदम ताठ बसली. सामान सापडलं, तर विकत घ्यायला नको. विकत घ्यायला नको, तर पंधरा दिवस बिगारी कशाला? आज बुधवार. रविवारपर्यंत सगळं सापडायलाच पाहिजे!

घरी आली ती थेट माळ्यावर.

"उतर गं!" खालून सासू, बुधी, ओरडली. "पोटुशी बाई माळ्यावर चढते, लोक मला काय म्हणतील?"

"आये, गेल्या वर्षीची ताडपत्री कुठं ठेवलीस?"

"ठेवलीय ना."

"पण कुठं?"

"चांगल्या जागी ठेवलीय."

"अगं कुठल्या चांगल्या जागी?"

बुधीने कपाळाला हात लावला, या खांबाकडे बघितलं, त्या खांबाकडे बघितलं. "चोराला सापडू नये अशा जागी."

"चोर रडत गेला असेल बिचारा," वर्षाली वरून म्हणाली, आणि पेंढा उपसायला लागली. बुधी खालून शिव्या घालत होती, पण शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. रात्र पडायच्या आत पेंढ्यातून दोन घमेली निघाली, तीन विळे निघाले, फुटक्या कणगीच्या पोटातून बादली, बादलीत चार ताटल्या, आणि कणगीच्या मागे, सारवलेल्या कुडाला टेकवून, ताडपत्री. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"ही तर तीन वर्षांमागची," बुधी हळूच म्हणाली. "ही हरवली म्हणून मी दोन दिवस जेवली नव्हती."

गुरुवारी काकींकडे शेवटचा रोज होता. शुक्रवारी गोमाकाकाचं घर. काका खाटेवर बसून विडी ओढतोय आणि दारात निळा ड्रम आडवा, त्यात कोंबडी.

"काका, हा ड्रम आमचा."

"तुमचा?" काकाने धूर सोडला. "मग कोंबडीला विचार. दोन वर्षं ती राहते, तिने तर कधी सांगितलं नाय."

"काका!"

"अगं ने बाय, ने. पण अंडी उबवतेय, दोन दिवस दे."

"रविवारच्या आत पाहिजे."

काकाने तिच्याकडे नीट बघितलं, मग विडी विझवली, कोंबडीला टोपलीत बसवलं, कोंबडीने त्याच्या हाताला दोन चोची मारल्या, आणि ड्रम मोकळा झाला. शिवाय खाटेखालून दोन बादल्या, तीन घमेली आणि खाटेवरच्या अंथरुणाखालून दुसरी ताडपत्रीसुद्धा निघाली. काका म्हणाला, "हिच्यावर मी झोपतोय आणि पाठीला थंड का लागतं म्हणून दोन वर्षं औषध घेतोय."

राहिली नणंद लाडकी, तिकडे वांगणीला. जीप अलीकडे सोडते, पुढे खडीचा चढ. शनिवारी सकाळी वर्षाली थांबत थांबत, कमरेवर हात ठेवून चढली. लाडकी अंगणात धान पाखडत होती. हिला बघून सूप खाली ठेवलं.

"भाऊ नाय आला? बहिणीकडे यायला ताडपत्रीचं निमित्त लागतं, आणि त्यालापण बायकोला पाठवतो!"

"त्याने नाय पाठवलं ताई. मीच आले."

दोन ताडपत्र्या होत्या तिच्याकडे. एक बोचक्यात, एक पेंढ्याच्या उडवीवर टाकलेली. लाडकीने उडवीवरची ओढून काढली, झटकली, चहा ठेवला, आणि चहा पिताना हिचं सगळं ऐकून घेतलं. किसण्या, कोंबडी, रविवार, सगळं. मग म्हणाली, "म्हणजे तुला ताडपत्री नकोय. माझा भाऊ हवाय."

वर्षालीने बशीत तोंड घातलं.

"हे त्याला सांगितलंस?"

"सांगायचं काय त्यात?"

"न सांगता मनातलं कळायला तो काय अंगात देव येणारा भगत हाय?"

वर्षाली नुसती हसली. सामान मोजलं की कळेलच त्याला, तिला वाटलं. गड्याला हिशोब कळतो.

संध्याकाळी सुरज भात कापून आला तर अंगणात जत्रा! सगळं धुऊन, पुसून, मांडलेलं. चार ताडपत्र्या पसरलेल्या, निळा ड्रम, तीन बादल्या, पाच घमेली, फावडं, कुदळ, ताटल्या, स्टो, दोन चादरी. तो दारातच उभा राहिला. मग वाकून वाकून एकेक वस्तू हातात घ्यायला लागला, लहान पोराने जत्रेत घ्यावी तशी.

"हे सगळं आपलं?"

"आपलंच. विकत घेतलेलं. काही तर दोनदा."

"चार ताडपत्र्या!" तो हसायला लागला. "शेजारच्या अर्जुनला एक देतो, त्याला घ्यायचीच हाय. वर्षाली, तू तर कमाल केलीस!"

वर्षालीने उगाच एक बादली उचलली. आता म्हणेल. आता म्हणेल की मग कशाला जाऊ.

सुरज म्हणाला, "हे तर लय भारी झालं. म्हणजे आता उद्या गेलो, तर पंधरा दिवसांची बिगारी अख्खी शिल्लक! सामानाला एक रुपया नाय जाणार."

घ्या!

वर्षालीच्या हातात बादली होती. तिने ती खाली ठेवली. तो खूश होऊन बोलतच होता, बाळाला दुपटी घेऊ, तुला दवाखान्याला पैसे ठेवू, आणि खोटं काही नव्हतं हो त्यात, बिचारा तिच्यासाठीच जोडत होता. पण तिला आठवत होता वांगणीचा चढ, आणि त्या चढावर तिने मनातल्या मनात मांडलेली दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस, शिजवलेले रानातले करांदे, अंगणात बसलेला तो. तिने सामान नव्हतं गोळा केलं. एकेक दिवस गोळा केलेला. आणि तो ते दिवस उचलून ठाण्याला घेऊन चाललेला, हसत हसत.

"मी पैसे नव्हते शोधत," ती म्हणाली.

"काय?"

"चार दिवस मी पैसे नव्हते शोधत, सुरज. मला तू पाहिजेस. पंधरा दिवस. भाऊबीज झाली की जा, मी अडवणार नाय. पण तोपर्यंत घरात राहा. मला नुसतं उठल्यावर तू दिसायला पाहिजेस. मग पावसापर्यंत मी कोणाला बघायचं?"

एवढं ती लग्नापासून कधी बोलली नव्हती. सुरज ताडपत्रीच्या मधोमध उभा. त्याला कळेना पाय कुठं ठेवावा.

"पण दुपटी..."

"दुपटी जुन्या लुगड्याची होतात," आतून बुधीचा आवाज आला. "तीन लुगडी सापडलीत माळ्यावर."

"आये, तू ऐकतेस?"

"एका खोलीचं घर. कान काय गोमाकडे ठेवून येऊ?"

सुरज खाली बसला. ताडपत्रीच्या कडेची दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली. मग फोन काढला, आणि ठाण्याच्या ठेकेदाराला लावला. "हां सेठ, सुरज बोलतोय. कल नहीं आ रहा मैं. नहीं, बीमार नहीं है कोई. दिवाली है घर पे... हां, तो दूसरे को दे दो." फोन ठेवला आणि वर्षालीकडे न बघता म्हणाला, "जागा गेली."

"जाऊ दे."

"जाऊ दे," तोही म्हणाला. मग त्याला हसू फुटलं, आणि तिला रडू.

आणि ते पंधरा दिवस, काय सांगू! सुरज सकाळी भात कापायला जायचा आणि संध्याकाळी घर लावत बसायचा. म्हणाला, आता परत बोचकी नाय. तू आणि आये घरात आहात, चोर कसला येतोय. बांबूच्या खुंट्या केल्या, कुडाच्या भिंतीत बसवल्या, एकेका वस्तूला एकेक खुंटी. बुधीला वाचता येत नाही, म्हणून वर्षालीने प्रत्येक खुंटीखाली कोळशाने त्या वस्तूचं चित्र काढलं. बादलीखाली बादली, घमेल्याखाली घमेलं. ताडपत्रीचं चित्र कसं काढायचं म्हणून दोघं भांडली, आणि शेवटी एक चौकोन आणि त्याला चार दोऱ्या. घर एवढं मोकळं झालं की बुधी म्हणाली, बोललं तर घुमतंय.

वाघबारस झाली. करांदे झाले, काकडी किसून पानात उकडलेले पानगे झाले. त्याने आठ खाल्ले. ती चुलीशी बसून बघत होती. आणि गंमत बघा, तो समोर बसून पानगा सोलतोय आणि हिला त्याची आठवण येतेय! आज सहा दिवस राहिले. उद्या पाच. एकदा त्याने विचारलं, "काय बघतेस?" ती म्हणाली, "काही नाय. खा."

भाऊबीजेला दोघं वांगणीला जाऊन आले. लाडकीने भावाला ओवाळलं आणि वर्षालीला नुसतं कोपराने ढोसलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता फाट्यावर ट्रक आला. सुरजने खुंट्यांवरून एकेक वस्तू काढली. ताडपत्री, दोन बादल्या, घमेलं, फावडं, ताटल्या. शोधाशोध नाही, पळापळ नाही, दहा मिनिटांत सगळं बांधून झालं. दर वर्षी निघायला अर्धा दिवस जायचा. वर्षालीला वाटलं, आपणच लावलं ना घर? आपणच. नाहीतर अजून शोधत बसला असता.

तो गेला. ट्रक वळणावर दिसेनासा झाला तरी ती फाट्यावर उभी, मग ऊन लागायला लागलं तशी घरी आली.

आणि आत पाऊल टाकलं तर भिंत समोर. आधीच्या पसाऱ्यात माणूस गेला तरी काय गेलं ते कळायचं नाही. आता एकेक गेलेली वस्तू दिसत होती. रिकामी खुंटी, खाली कोळशाची बादली. रिकामी खुंटी, खाली घमेलं. चौकोन आणि चार दोऱ्या.

बुधी सूप घेऊन आली. "ही खुंटी मोकळी हाय, इथं लावते."

"नको आये. तिथं नको."

"का? तो काय आता येतोय? पावसाच्या तोंडावर येईल."

"असू दे. ती त्याची हाय."

बुधी सूप घेऊन तशीच उभी राहिली. "मग मी सूप कुठं लावू?"

वर्षालीने कोपऱ्यातून उरलेली बांबूची कांब घेतली, दारात बसली, आणि विळ्याने सुपासाठी नवी खुंटी तासायला लागली.