कॉलेजच्या नावाचा चेक

डेलमर वोट्रिंगला पैशाच्या बाबतीत कुणी बोट दाखवलेलं खपायचं नाही. दुकानात चार सेंट जास्त परत आले, तर गडी भर बर्फात गाडी मागे वळवायचा. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा स्वभावानेच काटेकोर आहे. स्वभाव कसला डोंबलाचा! त्याच्या रँडीने, पोटच्या पोराने, गावच्या आगीच्या बंबाच्या हॉलमधल्या जेवणावळीची पैशाची पेटी उचलून पोबारा केला, तेव्हापासूनचं हे दुखणं होतं. आगीत घर गेलेल्या एका कुटुंबासाठी गावाने जमवलेले पैसे होते ते. रँडीने ते नशेत उडवले, आणि दोन हिवाळ्यांनी त्याच नशेत तोही गेला. डेलमरने लाकडाच्या गिरणीत जादा पाळ्या करून पेटीतले पैसे भरून दिले, अगदी शेवटच्या डॉलरपर्यंत. पण हॉलमध्ये तो परत कधी पुढच्या टेबलाला बसला नाही. मागे दाराजवळ, टोपी मांडीवर ठेवून बसायचा.

रँडीची पोरगी ब्रेना त्याच्याकडेच वाढली. आई आधीच सोडून गेलेली. ब्रेना त्याला पॅप म्हणायची, त्या डोंगरांत सगळीच पोरं आजोबाला म्हणतात तसं. पोरगी हुशार आणि तोंडाने फटकळ. तिला जंगलांचा अभ्यास करायचा होता.

"तू जन्मभर झाडं कापलीस, पॅप," ती म्हणायची. "आता ती परत लावायची कशी ते मी शिकते. घरातलं पाप घरातच फेडू."

"म्हणजे माझ्यासाठी प्रायश्चित्त घेणार तर."

"प्रायश्चित्त फुकट मिळतं. याला फी आहे."

आणि फी होती! डोंगरापलीकडच्या कॉलेजने तिला घेतलं तेव्हा दोघं स्वयंपाकघरात अक्षरशः नाचले. मग बसून बेरजा केल्या आणि नाच थांबला. थोडी मदत सरकारची होती, मोठी रक्कम कॉलेजने स्वतःच्या गंगाजळीतून कबूल केली होती, आणि ब्रेनाच्या नावावर जेवढं कर्ज निघत होतं तेवढं काढून झालं होतं. तरीही वर्षाला सात हजार डॉलर कमी पडत होते. डेलमर बँकेत गेला. घर रँडीच्या उपचारांपायी आधीच गहाण पडलेलं. बँकेतल्या पोराने कॉफी दिली, तब्येत विचारली आणि गोड बोलून हात वर केले.

ही गोष्ट व्हर्ना बिशॉफच्या कानावर गेली. व्हर्ना म्हणजे बंबाच्या हॉलच्या स्वयंपाकघरातली अनभिषिक्त राणी. गावातल्या कुणाचं ऑपरेशन असो, कुणाचं छप्पर उडालेलं असो, व्हर्ना आदल्या संध्याकाळी बकव्हीट या काळपट धान्याचं पीठ आंबायला घालायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव येऊन धिरडी आणि सॉसेज खायचा, डब्यात पैसे टाकायचा. खर्च जाऊन उरलेली रक्कम पाकिटात घालून गरजवंताच्या हातात. पावती नाही, भाषण नाही. तिथली रीतच ती.

"पुढच्या शनिवारी ब्रेनासाठी जेवणावळ," व्हर्नाने दारातूनच जाहीर केलं.

"नको व्हर्ना. माझ्या घरच्यांसाठी त्या हॉलमध्ये डबा फिरवायचा? कुठल्या तोंडाने?"

"तुझं तोंड कोण बघतंय, मेल्या? लोक धिरड्यांना येतात." मग तिने आवाज जरा खाली आणला. "डेलमर, पोरीने काय केलंय रे? तिच्या बापाची शिक्षा तिने का भोगायची?"

त्याने मान डोलावली. आणि नुसतं बसून राहवेना म्हणून जेवणावळीतल्या सोडतीत बक्षीस म्हणून स्वतःची हरणाच्या शिकारीची बंदूक नेऊन दिली. त्याच्या बापाची बंदूक होती ती.

शनिवारी गाव लोटला. ज्यांचं डेलमरशी जमत नव्हतं तेसुद्धा आले. गिरणीतली माणसं, शाळेच्या बसचा ड्रायव्हर, डोंगरावरच्या दोन म्हाताऱ्या बहिणी ज्या एरवी चर्चशिवाय कुठे जात नसत. ब्रेना टेबलाटेबलाशी जाऊन आभार मानत होती, आणि लोक तिच्या ताटलीत आणखी धिरडी वाढत होते, "खा, जंगलात कोण वाढणार आहे तुला?" असं म्हणून. डेलमर दाराजवळच होता, पण त्याची टोपी मांडीवरून केव्हाच खाली पडली होती आणि त्याला त्याचं भान नव्हतं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये हसला.

पैसे मोजून झाले. सात हजारांच्या वर थोडेच, पण वर! व्हर्नाने रीतीप्रमाणे ते जाडजूड पाकीट आणून त्याच्यापुढे धरलं.

आणि इथे माशी शिंकली. डेलमर दोन पावलं मागे सरला, जणू निखारा पुढे केला होता.

"रोख नको," तो म्हणाला. "वोट्रिंगच्या हातात या हॉलची रोख परत जाणार नाही. बंबखात्याकडूनच चेक काढा, कॉलेजच्या नावाचा. सरळ तिकडे पाठवा. एक सेंटही माझ्या घरात यायला नको."

"अरे, कॉलेजला काय करायचंय आपल्या धिरड्यांशी?" व्हर्ना पुटपुटली. "पोरीच्या हातात दे, ती भरेल तिची तिची. नेहमी असंच करतो ना आपण?"

"नेहमीचे लोक वेगळे आणि मी वेगळा."

ब्रेना पुढे झाली. "पॅप, घे ना. कुणी काही म्हणत नाहीये."

"आज नाही म्हणत. उद्या म्हणतील."

मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. डेलमरला वाटलं, झालं, आज नाव धुऊन निघालं. फोटोसाठी पुठ्ठ्याचा मोठा चेक रंगवला, त्यामागे आजा आणि नात उभे राहिले, तालुक्याच्या पेपरात फोटो आला. डेलमरने तो फोटो फ्रिजवर लावला. येताजाता त्याच्याकडे बघायचा, आणि ब्रेना त्याला चिडवायची, "पुरे आता, नजर लागेल." खरा चेक व्हर्नाने टपालाने कॉलेजला पाठवला.

जुलैत ब्रेनाने कॉलेजचा हिशेब पुन्हा उघडून पाहिला आणि तिथेच थिजली. गावाचे सात हजार जमा होते. पण कॉलेजने कबूल केलेल्या मदतीतले बरोबर तेवढेच कमी झाले होते. खाली भरायची रक्कम जिथल्या तिथे.

"चुकलं असेल त्यांचं," डेलमर म्हणाला. "लाव फोन."

फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून दोघांनी ऐकला. पलीकडची बाई तुसडी नव्हती. तुसडी असती तर बरं झालं असतं, निदान तिला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

"चूक नाही, मिस्टर वोट्रिंग. बाहेरून मदत आली की आमची मदत तेवढी कमी होते. नियमच आहे तसा. ब्रेनाची गरज तेवढी कमी झाली ना."

"गरज कुठे कमी झाली, बाई? अजून सात हजार कमीच आहेत की!"

"मला कळतंय. पण नियमात ती तिची बाहेरची मदतच धरली जाते."

"ती धिरडी होती हो," डेलमर म्हणाला. "लोकांनी धिरडी खाल्ली आणि पैसे दिले."

पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

"मग असं करा," त्याने पुन्हा जोर धरला. "तो चेक आम्हाला परत द्या आणि तुमचं होतं तसं राहू द्या. झालं गेलं विसरून जाऊ."

"चेक परत करता येईल. पण आमची रक्कम आता राहिली नाही. ती यादीतल्या पुढच्या मुलाला दिली. त्यालाही गरज होती." मग बाईने आवाज हळू केला. "खरं सांगू का? हे पैसे घरातच आले असते, तर आमच्यापर्यंत ही गोष्ट बहुतेक आलीच नसती."

ब्रेनाने फोन बंद केला. ती रडेल, भांडेल, ताटली फेकेल, म्हणून तो वाट बघत बसला. तिने यातलं काहीच केलं नाही. उठली, त्याच्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाली, "बघू, अर्ज करू त्यांना."

अर्ज केला. नकार आला. बँकेतल्या पोराने पुन्हा कॉफी पाजली. बंदूक कुणाला तरी सोडतीत लागून केव्हाच गेली होती, नाहीतर तीही विकली असती, पण तिचे असे किती आले असते? ऑगस्टमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा ब्रेना गिरणीच्या ऑफिसात ट्रकच्या पावत्या फाडत होती. जागा वर्षभर राखून ठेवू, कॉलेजने कळवलं, पण मदतीची हमी नाही. पुढच्या वसंतात मदतीचा नवा आकडा आला, तो आधीच्या निम्म्याहून कमी होता. गावाचे परत आलेले सात हजार त्यात घातले तरी ते भोक बुजणार नव्हतं. ब्रेनाने व्हर्नाला सांगितलं, ते पैसे हॉलमध्येच ठेव, पुढच्या कुणाला तरी होतील. कारण मात्र सांगितलं नाही. जंगलाची पुस्तकं तिने एका खोक्यात भरून माळ्यावर टाकली. डेलमरला ते खोकं शिडीवरून वर चढवायला तिने मदतीला बोलावलं. त्याने खालून धरलं, तिने वर ओढून घेतलं.

फ्रिजवरचा फोटो त्याने एक दिवस गुपचूप काढला. वर्षभरात तिने एकदाही त्याला दोष दिला नाही, आणि तेच त्याला आतून कुरतडत होतं.

मे महिन्यात हॉलमध्ये पुन्हा जेवणावळ होती, गिरणीतल्या वेड सिस्लरच्या मुलीसाठी. तिला नर्सिंगला जायचं होतं. ब्रेना तव्याशी उभी राहून धिरडी घालत होती. हात सराईत झाला होता तिचा. पैसे मोजून झाले, आणि व्हर्ना पुठ्ठ्याचा मोठा चेक घेऊन बाहेर आली. गेल्या वर्षी तो फोटो लोकांना आवडला होता ना! आता रीत तीच व्हायला लागली होती. कॉलेजचं नाव रंगवून तयार होतं.

डेलमर दाराजवळून उठला. गेल्या वर्षीचा तो एक प्रसंग सोडला, तर जन्मात कधी चारचौघांत बोलला नव्हता.

"व्हर्ना, थांब. तो चेक नको." त्याने वेडकडे पाहिलं. "वेड, रोख घे. पाकीट घे आणि पोरीच्या हातात दे. कॉलेजला कळवू नकोस, पेपरात देऊ नकोस, कुणालाच काही सांगू नकोस. मी सांगतोय म्हणून ऐक. कॉलेजवाले स्वतःच्या मदतीतून तेवढेच कापून घेतात. मी... आमच्या वेळी कापले त्यांनी."

ब्रेनाचं कॉलेज का हुकलं, ते आत्ता कुठे बऱ्याच जणांना कळत होतं. तोवर ते घराबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि तेवढ्यात मागच्या टेबलावरून कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, फार मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"रोख लपवायची कशी, ते वोट्रिंगांकडूनच शिकावं."

दोघं-तिघं फिस्कन हसले. वाईट मनाचे नव्हते ते लोक. तोंडून निघून गेलं. व्हर्नाने तिकडे असं काही बघितलं की हसणं तिथेच विरलं. वेडने पाकीट घेतलं, डेलमरचा हात दोन्ही हातांत धरून दाबला, आणि पुठ्ठ्याचा चेक कुणीतरी भिंतीकडे तोंड करून ठेवला.

डेलमर स्वयंपाकघरात गेला. कुठे जावं ते त्याला कळत नव्हतं, एवढंच. ब्रेना तव्यावरून वर बघत नव्हती.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं." तिने धिरडं उलटलं, कडा दाबल्या. "म्हणजे लोक बोललेच ना, पॅप. शेवटी बोललेच." तिने उलथन्याची कड तव्यावर घासली. "मग त्यांची तोंडं बंद ठेवायला माझं कॉलेज कशाला दिलंस रे त्यांना?"

तिने ते धिरडं ताटलीत काढलं, त्यावर लोणी घातलं, ताटली त्याच्या हातात दिली आणि पुढचं पीठ तव्यावर ओतलं. बाहेर अजून बरीच माणसं जेवायची होती.