चार धोंड्यांच्या आतलं गवत

आमच्या प्राणी उद्यानात येणारी माणसं पहिला प्रश्न विचारतात, वाघ कुठं आहे? नाही म्हटलं की त्यांची तोंडं उतरतात आणि मग ती कॅन्टीन कुठं आहे ते विचारतात. हिंगोलीजवळच्या या लहानशा उद्यानात मी सात वर्षं माहिती अधिकारी म्हणून नोकरी केली, आणि सातही वर्षं एकच हट्ट धरला. इथल्या लेकरांना इथलं रान दाखवायचं. सिमेंटचा डोंगर आणि हिरवी रंगवलेली भिंत पुरे झाली. मला आपला माळ पाहिजे होता, खाली मुरूम, मधून बोरी-बाभळी, कमरेला लागणारं पवन्या गवत आणि त्या गवतात लांडगा.

हट्ट मंजूर झाला. दोन एकरांना उंच जाळी बसली, मुरूम पडला, बाभळी लागल्या. गवत काही येईना. दोनदा बी टाकलं, दोन्हीदा गाजरगवतानं त्याचा फडशा पाडला. शेवटी ठरलं, गवत मुळासकट आणायचं.

पण उभं गवत आणायचं कुठून? आमच्या तालुक्यातल्या माळावर बोटभर गवत राहिलं तरी मेंढरं शोधून खातात. हे मला कुणी सांगायला नको, मी मेंढपाळाची पोर आहे. माझे वडील ग्यानबा, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पुसेगावच्या पलीकडं अजून दीडशे मेंढरं राखतात. मी त्यांनाच विचारलं.

आबा फोनवर म्हणाले, "उभं गवत एकाच जागी हाय बाई. चार धोंड्यांच्या आत. लागंल तेवढं ने."

चार धोंडे मला ठाऊक होते. आमच्या माळाच्या उताराला लांडगीचं बीळ आहे, आणि त्याच्या भोवती आबांच्या आज्यानं चार मोठे धोंडे रोवलेत. धोंड्यांच्या आत आमच्या घरचं मेंढरू तोंड घालत नाही. तिचं रान तिला, आपलं रान आपल्याला. वर्षाकाठी दोन-चार कोकरं ती नेते, त्याबद्दल आमच्या घरात कुणी तिला शिवी देत नाही. लहानपणी मला हे फार मोठेपणाचं वाटायचं. शिकून बाहेर पडल्यावर मी त्यावर भाषणंही ठोकली. पण बिळात अजून कुणी राहतं का, हे मात्र मी आबांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण मला माहीत असणारच असं त्यांनी धरलं होतं. आणि गवत नेणं म्हणजे विळ्यानं कापून भारे बांधणं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. चार बाया येतील, कडेकडेनं कापतील आणि जातील.

मी जेसीबी पाठवला.

डिसेंबरचे दिवस होते. आबा मेंढरं घेऊन कुरुंद्याकडं गेले होते, एका हळदवाल्याच्या रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला. मी उद्यानातच थांबले, गवत उतरून घ्यायला. जेसीबीनं मातीसकट गवताचे चौकोन उचलले, ट्रॅक्टरमध्ये भरले. तिसऱ्या खेपेला बीळ फुटलं. एक पिल्लू मातीखाली गेलं. दोन जिवंत निघाली, ती ड्रायव्हरनं आपल्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आणली. डोळे नुकते उघडलेले, अंगाला ओल्या मातीचा वास. मला रडू आलं, खोटं नाही. पण त्या रडण्याच्या खाली कुठंतरी मला आनंद झाला होता, तोही खोटा नाही. गवत मिळालं होतं आणि लांडगेही मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आबांचा फोन आला. जेसीबीची खबर लागताच रात्रीतून चालत ते माळावर परतले होते.

"मोहिनी, लांडगी येऊन राहिली बाई. पहाटं आलो तवा हितंच व्हती, आता उजाडता पुन्हा आली. माती उकरून राहिली. पिल्लं कुठं हायत?"

"माझ्यापाशी आहेत आबा. चांगली आहेत."

"मग आणून ठिव. तिथंच ठिव. तिची ती घेऊन जाईल. पर लवकर आन, चार दिसाच्या वर येत न्हाई ती."

"उद्यानाच्या साहेबांना विचारते," मी म्हणाले.

साहेबांना विचारायची गरजच पडली नाही. आमचे पशुवैद्य डॉक्टर प्रज्ञेश दहा वाजता पिल्लांना बाटलीनं दूध पाजत होते. फार चांगला माणूस. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आई तिथं दिसते का हो? दिसत असेल तर आज संध्याकाळीच परत ठेवू. मी स्वतः येतो. तुमच्या वडिलांना जरा विचारून बघा."

"विचारलं," मी म्हणाले. "नाही दिसली."

एवढंच बोलले. मनात कारणं तयार होती. माळावर कुत्री आहेत, विषाचं मटण टाकणारे लोक आहेत, इथं पिल्लं सुरक्षित राहतील, हजारो लेकरं त्यांना बघतील. कारणं सगळी खरी होती. पण त्या कारणांसाठी मी खोटं बोलले नाही. सात वर्षं रिकामं राहिलेलं माझं रान मला भरलेलं बघायचं होतं, म्हणून बोलले.

आबांनी रोज सकाळी फोन केला. "आज बी आली." "आज धोंड्यापाशी बसून व्हती." मी रोज साहेबांचं नाव पुढं केलं. पाचव्या सकाळी ते म्हणाले, "आज न्हाई आली." त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

पिल्लं वाढली. पावसाळ्यात गवतानं मूळ धरलं. ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं, फीत कापली गेली, शाळांच्या रांगा लागल्या. कुणीही वाघ विचारला नाही. मी आबांना येण्याचा आग्रह केला होता. ते येतील असं वाटलं नव्हतं, पण आले, धुतलेला पटका बांधून, काठी हातात घेऊन.

त्यांनी आधी गवत बघितलं. जाळीला तोंड लावून बराच वेळ बघितलं. दोन्ही लांडगे जाळीच्या कडेकडेनं फेऱ्या घालत होते, एकाच वाटेनं, त्यांच्या पायांनी तेवढं गवत मरून गेलं होतं. मग आबांनी काठीनं पाटीकडं दाखवलं. "काय लिवलंय? वाच."

पाटी मीच लिहिली होती. डॉक्टर प्रज्ञेश शेजारीच उभे होते. आबांना अक्षर येत नाही, मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. पण डॉक्टरांना अक्षर येत होतं.

"मराठवाड्याचे माळरान," मी वाचलं. "आईने सोडून दिल्यामुळे अनाथ झालेली ही दोन पिल्ले उद्यानाने वाढवली आहेत."

आबा माझ्याकडं वळले. "काहून असं लिवलं? सोडली न्हाई तिनं. चार दिस येऊन राहिली व्हती. रोज फोन करून सांगितलं की तुला."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. सोबतच्या शाळकरी पोरांना घेऊन ते पुढच्या पिंजऱ्याकडं निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी फक्त कामाचं बोलतात. पाटी मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. लांडग्यांच्या फेऱ्या थांबल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी गावाकडं गेले. आबा घरी नव्हते, म्हणून माळावर गेले. जेसीबीच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. खड्ड्याच्या वरच्या अंगाला, जिथं यंत्र पोचलं नव्हतं, तिथं थोडं गवत अजून उभं होतं. आबा चार धोंड्यांच्या अलीकडं उभे होते आणि दीडशे मेंढरं धोंड्यांच्या रेषेवर येऊन थांबली होती. हिरवं गवत समोर असून एकही तोंड पुढं जात नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय होती ती.

"आबा, हे काय?"

"चारायला आनली," ते म्हणाले. "कोनासाठी राखायचं आता?"

"नका ना आबा. येईल ती पुन्हा. कधीतरी येईल."

"न्हाई येत," ते म्हणाले. त्यांनी म्होरक्या मेंढीला हाक देण्यासाठी तोंड उघडलं, तसंच मिटलं. पुन्हा उघडलं. हाक निघेना. माझ्या बापाला रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

"तू हाक. माझ्यानं व्हईना."

ते माझ्याकडं बघत नव्हते, खाली बसून तोंडाला पटक्याचा शेव लावून बसले होते. मी मेंढपाळाची पोर, हाक मला येते. मी हाक दिली आणि मेंढरं आत घातली.