चावणारं ब्लाऊज

"तुझं ब्लाऊज चावून राह्यलं, शालू." दैवशालाबाईंनी चौथ्यांदा हीच तक्रार आणली तेव्हा शालूचं डोकं फिरलं. कुंभार पिंपळगावात तिच्या शिलाईला नावं ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. हुक बदलून झाले, अस्तर बदललं, शेवटी मऊ मलमल लावली. तरी डावी बाजू चावते ती चावतेच.

"कापड चावलं असतं तर दोन्हीकडं चावलं असतं, काकू. पडद्यामागं चला, एकदाचा निकाल लावू."

निकाल लागला, पण शालूची जिंकायची हौस तिथंच जिरली. डाव्या स्तनाग्रावर लाल खपली धरली होती आणि ते आत ओढलं गेलं होतं.

"खाज है नुसती," दैवशालाबाई म्हणाल्या. "सा महिने झाले, मलम लावून राह्यले. बसती, पुन्हा येती."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसऱ्या दिवशी शालूनं दुकानाला कुलूप ठोकलं आणि बाईंना जालन्याच्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलं.

मॅमोग्राफी झाली, कातडीचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी रिपोर्ट घ्यायलाही दोघी सोबतच गेल्या. कॅन्सर निघाला, तोही पॅजेटचा. क्वचितच होणारा, दिसायला इसबासारखा, म्हणून बायका मलमावर महिने काढतात. फार पसरला नव्हता, पण स्तन काढावा लागणार होता.

एरवी तोंडाचा पट्टा चालू असणाऱ्या दैवशालाबाई परतीच्या एसटीत अंबड येईपर्यंत नुसती रिपोर्टची घडी घालत-उलगडत बसल्या. मग म्हणाल्या, "मरनाचं काही न्हाई, पोरी. पण एका बाजूनं सपाट होऊन बाजारात कशी जाऊ? मला न्हाई करायचं आपरेशन."

शालूला रडू आलं आणि रागही आला. "दोन्ही बाजू बराबर दिसतील, ते माझ्याकडं लागलं. तुमी फक्त जित्या परत या."

ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठी तपासल्या, त्यांत कॅन्सर निघाला नाही. जखम भरेपर्यंत शालूनं ब्लाऊजच्या आत बसवायला कापसाच्या तीन गाद्या शिवल्या आणि तिन्ही उसवल्या. एक जड झाली, एक वर सरकायची, एक नुसतीच बेढब. चौथी बसली.

बाजाराच्या दिवशी ते ब्लाऊज घालून दैवशालाबाई दुकानातल्या आरशासमोर उभ्या राहिल्या. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. पिशवी उचलली आणि थेट समोरच्या भर बाजारात शिरल्या. मेथीच्या जुडीवरून बाईंचं असं काही भांडण जुंपलं की घसरलेला पदर सावरायचंही त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. दुकानाच्या दारात उभ्या शालूला मात्र रडू आवरेना.