बशीखालची नोट

फटाकडीला एकच काम सांगितलं होतं. एकच! तेही सकाळी, ताई एका हातानं केस बांधत आणि दुसऱ्या हातानं पलंगाखालचा बूट शोधत असताना.

"हे बघ," ताई दातात पिन धरून म्हणाली, "दुपारी माझ्या हॉटेलात जेवायला याल, त्याच्या आधी बाबांना सांगून ठेव. टीप ठेवायची नाही. एक नाणंसुद्धा नाही. या देशात कुणी ठेवत नाही, आणि आमच्याकडे तर घेतलेली चालतच नाही. माझ्या आधीची मुलगी त्यावरूनच गेली."

"गेली म्हणजे?"

"घरी गेली. गिऱ्हाइकानं हातात सरकवलेली नोट तिनं खिशात टाकली. मालकीणबाईंनी बघितलं. संपलं! माझे तीन महिने आज भरतायत. मला पक्कं करायचं की नाही ते उद्या ठरणार. नाही झाले पक्की, तर इथं राहायचा कागद नाही. म्हणजे तुमच्याच विमानानं परत. मीच सांगितलं असतं, पण बाबा आंघोळीला गेले की तासाची निश्चिंती, आणि माझी बस जाईल."

"जा गं तू. माझ्याकडे लागलं ते."

फटाकडीच्या तोंडून हे वाक्य गेले चार दिवस सारखंच निघत होतं. बसची तिकिटं? माझ्याकडे लागलं. रस्ता विचारायचाय? माझ्याकडे लागलं. तिथली भाषा ती शाळेत दोन वर्षं शिकली होती आणि गेल्या वर्षापर्यंत वर्गात तोंड उघडायची मारामार होती. यंदा मात्र बाईंनी जबरदस्तीनं व्यासपीठावर उभं केलं, ही पाच मिनिटं न अडखळता बोलली, आणि तेव्हापासून जे सुरू झाली ते थांबायलाच तयार नव्हती. विमानतळावर तिनं अधिकाऱ्याशी एवढ्या गप्पा मारल्या की मागची रांग दुसऱ्या खिडकीवर गेली. बाबा तिला "आमच्या मंत्रीणबाई" म्हणत आणि सगळे कागद तिच्याकडे देऊन मोकळे होत.

तर मंत्रीणबाई दुपारी बसमध्ये बसल्या आणि आईला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायला लागल्या. मग रस्ता ओलांडताना सिग्नलवरच्या लाल माणसाचा मान कसा राखायचा, यावर व्याख्यान झालं. तेवढ्यात हॉटेल आलं. टीप राहिली ती राहिलीच.

हॉटेल कोपऱ्यावरचं, बारा टेबलांचं. काचेचं दार, दाराला छोटी घंटी, आत लांब काउंटर आणि स्वयंपाकघराला खिडकी. बाबांनी आत पाऊल टाकलं आणि खुर्ची मागे घेण्याआधी टेबल हलवून बघितलं. डगमगत नव्हतं. त्यांनी मान डोलावली. सव्वीस वर्षं ते आपल्या गावच्या हॉटेलात वेटर होते. सात कप-बशा एका हातावर घेऊन जिना चढायचे. पण स्वतः गिऱ्हाईक म्हणून बसायची सवय नाही, त्यामुळे खुर्चीच्या अगदी कडेला बसले. कुणी हाक मारली तर चटकन उठता यावं म्हणून!

ताई आली. काळा एप्रन, एका हातावर तीन थाळ्या.

"खांदा बघ तिचा," बाबा आईच्या कानाशी कुजबुजले. "हलत नाहीये."

"तुम्ही जेवा हो. परीक्षा घ्यायला आलात का?"

बाबा जेवले, पण लक्ष सगळं इकडेतिकडे. शेजारचं म्हातारं जोडपं उठून गेलं. बाबांनी मान लांब करून त्यांचं टेबल बघितलं. मग ऑफिसातले चौघं गेले, पुन्हा मान लांब. मग लहान मुलाला घेऊन आलेली बाई गेली. दर वेळी बाबांचा चेहरा जरा उतरायचा. फटाकडीनं ते पाहिलं, नाही असं नाही. पण तिला वाटलं, विमानात झोपून मान धरली असेल.

पैसे काउंटरवर देऊन झाले. मालकीणबाईंनी, म्हणजे पांढऱ्या आखूड केसांच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या उंच बाईंनी, हात जोडायचा छान प्रयत्न केला. "तुम्ही व्हा पुढे, मी बुटाची नाडी बांधून आलो," असं म्हणून बाबा टेबलापाशी परत गेले आणि मिनिटभरात बाहेर आले.

दोन चौक चालून तिघं बसथांब्यावर पोचले. बाबा बाकावर टेकले, पाय पसरले आणि समाधानानं म्हणाले, "चला. पोरीचं झालं एकदाचं."

"काय झालं?" फटाकडीनं विचारलं.

"ठेवली तिच्यासाठी. पाकिटातली सगळ्यात मोठी. बशीखाली."

"बशीखाली?"

"मग काय वर ठेवू? बिलावर ठेवली की मालकाच्या घशात. बशीखालची नोट मात्र टेबल पुसणाऱ्याची. हे धंद्यातलं ज्ञान आहे, मंत्रीणबाई, शाळेत नाही शिकवत."

फटाकडीनं वळून हॉटेलच्या दिशेला बघितलं. मालकिणीच्या नजरेआड, स्वतःच्या बापानं, मुद्दाम लपवून! याहून वाईट दिसेल असं काही शोधूनही सापडलं नसतं. आणि याला जबाबदार कोण? ज्यांच्याकडे सगळं लागतं त्याच!

"अगं बस आली! कुठे चाललीस? अगं कार्टे!" आई ओरडत राहिली.

फटाकडी सुसाट सुटली. पहिल्या चौकात लाल माणूस. तासाभरापूर्वीच आईला सांगितलं होतं ना, मान राखायचा म्हणून? राखला. जागच्या जागी उड्या मारत, त्या माणसाला मनात नाही नाही ते बोलत राखला. दुसऱ्या चौकातही लालच. धावता धावता ती डोक्यात वाक्यं जुळवत होती. व्याकरणासकट, भूतकाळ नीट लावून. "माझ्या बहिणीचा यात काहीही दोष नव्हता." छान वाक्य होतं.

धापा टाकत तिनं काचेतून आत बघितलं. त्यांच्याच टेबलापाशी मालकीणबाई उभ्या होत्या. हातात नोट, चार घड्या घातलेली. समोर ताई, खाली मान घालून.

घंटी खणखणली. फटाकडी आत आली, तोंड उघडलं, आणि ते छान वाक्य कुठल्या कुठे पळालं.

"चूक मी!" ती त्या भाषेत ओरडली. "ताई नाही! नोट बाबा! सांगायचं मी! विसरले मी!"

"अगं, ऐक तरी," ताई म्हणाली.

"तू गप्प बस, मी बोलतेय ना!"

"अगं पण..."

"बाई, ताई खूप चांगली! तीन महिने खूप चांगली! मी वाईट!"

मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिला नीट बघून घेतलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "टेबलावर राहिलेल्या नोटा मी नेहमी बघते. पाहुणे ठेवतात, आम्ही धावत जाऊन परत देतो. पण लपवलेली नोट आज पहिल्यांदा बघितली. का लपवली?"

पुन्हा घंटी वाजली. बाबा धापा टाकत आत आले, मागून कमरेवर हात ठेवून आई. फटाकडीनं प्रश्न बाबांना सांगितला, आणि सगळी चूकही एका दमात सांगून टाकली. बाबांचा चेहरा पांढराफटक झाला. ताईकडे बघत ते फटाकडीला म्हणाले, "सांग. खरं ते सांग. मालकाला दिसू नये म्हणून."

आता आली पंचाईत! वाऱ्यानं उडू नये म्हणून, असं सांगितलं तर? किती सोपं! मालकीणबाईंना कुठं आपली भाषा कळतेय? शब्द जिभेवर आलासुद्धा. पण ताई तिच्याकडे बघत होती. ताईला दोन्ही भाषा येत होत्या, आणि ताईला उद्याही इथंच, या बाईंच्या समोर उभं राहायचं होतं.

"तुम्हाला दिसू नये म्हणून," फटाकडी म्हणाली. "बाबा पण वेटर. त्यांचा मालक घ्यायचा सगळं."

मालकीणबाईंनी नोटेच्या घड्या उलगडल्या.

"आणि एवढी मोठी का?" मालकीणबाईंनी विचारलं.

बाबांनी हाताची तीन बोटं वर केली. "तीन टेबलं उठली. एकानंही काही ठेवलं नाही. मला वाटलं, पोरीचं काम लोकांना आवडत नाहीये. मग तिघांचं मीच ठेवलं. संध्याकाळी हिरमुसली होऊन घरी येऊ नये म्हणून."

हे भाषांतर करता करता फटाकडीनं बाबांकडे बघितलं. म्हणजे मान धरली नव्हती तर!

मालकीणबाई खुर्ची ओढून बसल्या. बोलायला लागल्या तेव्हा आवाज मऊ होता. "तुमच्या मुलीनंच ही नोट मला आणून दिली. टेबल पुसायच्या आधी. म्हणाली, ही माझ्या बाबांचीच, चार घड्या तेच घालतात. धावत जाऊन देऊ का, असं विचारत होती. तेवढ्यात ही आली." त्यांनी फटाकडीकडे बोट केलं. "मग कुणालाच बोलता आलं नाही."

"तेच तर सांगत होते मघापासून!" ताई म्हणाली.

फटाकडीचा जीव असा भांड्यात पडला की तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं दोन्ही येऊ दिलं.

"इथं पगारात सगळं धरलेलं असतं," मालकीणबाई बाबांना म्हणाल्या. "पाहुण्याच्या मर्जीवर माझी माणसं जगत नाहीत."

"पुन्हा विचार गं त्यांना," बाबा फटाकडीला म्हणाले. "दिवसभर पाऊस लागला, गिऱ्हाईकच फिरकलं नाही, तरी?"

"तरी."

"आजारी पडली तरी?"

"तरी."

बाबा मटकन बसले, या वेळी पूर्ण खुर्चीवर, पाठ टेकून. घरी मंदीच्या दिवशी ते दारातूनच आईकडे बघून एकदा आडवी मान हलवायचे, आणि आई काही न बोलता सामानाची यादी डब्याखाली सारायची. फटाकडीनं ते किती वेळा पाहिलं होतं. आत्ता बाबांनी आईकडे बघितलं आणि मान वर-खाली हलवली. आई डोळे टिपायला लागली.

"उद्या सांगणार होते, पण आता कशाला थांबायचं?" मालकीणबाई ताईला म्हणाल्या. "सकाळी येताना कागद घेऊन ये. सही करायची आहे." आणि नोट बाबांच्या तळहातावर ठेवली.

बाबांनी ती खिशात घातली. मग फटाकडीला म्हणाले, "विचार गं, इथं गिऱ्हाईक खूश झालं तर करतं काय?"

"तोंडानं सांगतं," उत्तर आलं.

बाबा उठले. शर्ट खाली ओढला. घसा दोनदा खाकरला. सव्वीस वर्षांत त्यांना नोटा पुष्कळ मिळाल्या होत्या, पण असं कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे शब्द कुठून आणायचे हेच कळेना.

"हातावरच्या थाळ्या सरळ होत्या," ते ताईला म्हणाले. "आणि त्या म्हातारबुवांचा पेला... त्यांनी न मागता भरलास. ते मला जमायला पाच वर्षं लागली होती."

ताईच्या हातात कप होते, म्हणून तिनं गाल खांद्याला पुसला.

"बरं, पुरे आता," आई म्हणाली. "तिला काम करू द्या. गिऱ्हाइकं खोळंबलीत."

परतीच्या बसमध्ये बाबांनी ती नोट काढली आणि फटाकडीपुढे धरली. "घे. धावलीस त्याची."

"बाबा! या देशात ठेवत नाहीत!"

"बरोबर. शिवाय विसरल्याचा दंड कापला तर उलट तूच मला देणं लागतेस." नोट पुन्हा चार घड्या होऊन खिशात गेली.

"पण मी बोलले कशी? तेवढं तरी तोंडानं सांगा ना कुणीतरी."

"आम्ही कशाला?" आई खिडकीला डोकं टेकत म्हणाली. "घर येईपर्यंत तूच सांगशील."

आणि तिनं सांगितलं. थेट शेवटच्या थांब्यापर्यंत.