डुप्लिकेटचा धवला

भाविक खोटं बोलला नव्हता. "पिच्चरमंदी डबल रोल हाय. एक हीरो करतो, एक मी," असं त्याने होणाऱ्या बायकोला, मृणालीला, फोनवर सांगितलं आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यापुढचं वाक्य तेवढं त्याने गिळलं.

त्याचं झालं असं. भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोडाऊनमध्ये भाविक फोर्कलिफ्ट चालवायचा. शेजारचं रिकामं गोडाऊन मुंबईच्या फिल्मवाल्यांनी भाड्याने घेतलं आणि आत काचेच्या नळ्या, निळे दिवे लावून प्रयोगशाळा उभी केली. गोष्ट अशी होती की एक शास्त्रज्ञ स्वतःसारखाच हुबेहूब माणूस तयार करतो. तो माणूस शास्त्रज्ञाच्या जागी बोहल्यावर उभा राहतो, आणि पुढे खरा कोण नि नकली कोण हे त्या दोघांनाही सांगता येत नाही. माणसं दोन, पण हीरो एकच. मग दुसऱ्या माणसासाठी हीरोच्या अंगलटीचा कोणीतरी हवा होता. विपुल नावाच्या दिग्दर्शकाने जेवणाच्या सुट्टीत डबा खाणाऱ्या भाविकची पाठ पाहिली आणि तो ओरडलाच, "हाच!" कौतुक करून घ्यावं असं भाविकच्या पाठीत काही असेल, हे तोवर त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं.

आता गिळलेलं वाक्य. भाविकच्या तोंडावर गोवर उठल्यासारखे काळे ठिपके चिकटवायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या जागी हीरोचं तोंड लावायचं. म्हणजे चालणारा भाविक, हात जोडणारा भाविक, पण चेहरा दुसऱ्याचा.

हे त्याने त्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तोवर त्याच्या बापाने, चांगदेवने, अख्ख्या दिघाशी गावात बातमी पिकवली होती आणि कोन गावच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या, केसरीनाथांच्या, कानावरही घातली होती. साखरपुडा जूनमध्ये झालेला, लग्न वैशाखात ठरलेलं. आणि या केसरीनाथांची एक ख्याती होती. मृणालीला आधी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण मुलाने आपल्या म्हणून दाखवलेल्या दोन गाड्या त्याच्या मित्राच्या निघाल्या. "गरीब चालंल, फुशारकी मारनारा नको," असं ते चारचौघांत सांगत. ते आठवलं की भाविक 'उद्या सांगू' म्हणून फोन खिशात ठेवायचा.

लग्नाचा प्रसंग इकडच्या पद्धतीने करायचा असं विपुलने ठरवलं तेव्हा भाविकनेच शहाणपणा केला. "मंग धवलारीन पायजे. तिने गायल्याबिगर आमच्यात लगीन लागत न्हाय." सीताआत्याला त्यानेच स्कूटरवर बसवून आणलं. सीताबाई म्हणजे दिघाशीची धवलारीण, धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन लग्न लावणारी. सत्तरी उलटलेली, आवाज खणखणीत, आणि लग्नसराईत तिची तारीख मिळायची नाही. भाविकच्या आईबापाचं लग्न तिनेच लावलेलं, आणि येत्या वैशाखातलं त्याचंही तिच्या वहीत लिहिलेलं.

मांडवात बसल्या बसल्या तिने विपुलला विचारलं, "नवऱ्याचा नाव काय?"

"नाव नाही आजी, नंबर आहे. सात."

"बापूस कोन?"

"बाप नाही. हा मशीनमधून निघालाय."

"आयस तरी आसंल?"

"आईसुद्धा नाही हो. तीच तर गंमत आहे!"

सीताबाईला गंमत दिसली नाही. तिने ठिपकेवाल्या भाविककडे पाहिलं, मग विपुलकडे. "मंग मांडवात आनला कोनी त्याला? मामा हाय का न्हाय?"

विपुलने मामा नसल्याचंही कबूल केलं. सीताबाईने पदर खोचला आणि ती उठली. "आरं, धवल्यात नाव घ्यावं लागतंय. नवरा कोनाचा, नवरी कोनाची, कंच्या गावची. नंबराला कोन मांडवात घेनार? मी आक्षी सातशे लगीनं लावलीत, बिनआयशीचा धवला गायले न्हाय न गानार बी न्हाय."

सेटवरची शंभर माणसं एका म्हातारीपायी खोळंबली. विपुल खुर्चीत बसून डोकं खाजवत होता. ज्याच्यावर त्याने दोन वर्षं पटकथा लिहिली तो प्रश्न या बाईने तीन मिनिटांत त्याच्या अंगावर टाकला होता. शेवटी तो म्हणाला, "आजी, आज नुसतं चित्र घेऊ. गाणं मागाहून रेकॉर्ड करू. तुम्हाला पटेल ते नाव घ्या, मी मध्ये येणार नाही." यावर आत्या खाली बसली. भाविकने मुंडावळ्या बांधून हात जोडले, कॅमेरा फिरला आणि शिफ्ट चुकू नये म्हणून तो तसाच ठिपके उपटत फोर्कलिफ्टकडे पळाला. गाणं चार दिवसांनी रेकॉर्ड झालं, तेव्हा तो ड्युटीवर होता. मुंबईच्या मंडळींना त्यातलं अक्षर कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणे.

चित्रपट एप्रिलमध्ये लागला, लग्नाला तीन आठवडे राहिले असताना. केसरीनाथांनी भिवंडीतल्या थिएटरात दुपारच्या खेळाच्या दोन अख्ख्या रांगा अडवल्या. दिघाशीहून चांगदेव, भाविकची आई राहीबाई, सीताआत्या आणि निम्मी आळी टेम्पोतून उतरली. भाविक मृणालीच्या शेजारी बसला. एसी चालू असूनही त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

प्रयोगशाळेचं दार उघडून सात नंबर बाहेर आला. चाल भाविकची, खांदे भाविकचे, वर हीरोचं गोरंपान तोंड.

"तू कवा येतंस?" चांगदेवने मागून विचारलं.

"येतो, येतो."

अर्ध्या तासाने पुन्हा विचारणा झाली. मध्यंतरात केसरीनाथ समोसा खात भाविककडे बघत राहिले. ते त्याला जास्त झोंबलं. आत आल्यावर त्याला एकदम वाटलं, बस्स झालं. पडद्यावर त्याचंच अंग दुसऱ्याचं तोंड घेऊन फिरतंय, आणि इथे खुर्चीत तो तरी काय वेगळं करतोय? तो मृणालीकडे वाकला.

"मृणाली, तो मीच हाय. तोंड हीरोचं लावलंय. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तुझ्यापासून लपवलं, चुकलं माझं. तुझ्या बाबांना मी बाहेर गेल्यावर सांगतो, मग ते काय म्हणतील ते म्हणू देत."

मृणालीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "गप्प बस. लग्न सुरू होतंय, बघू दे."

पडद्यावर मांडव उभा राहिला. सात नंबरने हात जोडले आणि सीताआत्याचा आवाज चारही भिंतींतून आला:

*दिघाशी गावाचे येशीवं गो, नवरा कोनाचा आयला,*
*चांगदेवाचा ल्योक भाविक गो, राहीबाईने वाढविला.*
*कोन गावाचे मांडवी गो, नवरी कोनाची बसली,*
*केसरीनाथाची मृणाली गो, मामाचे संगती हसली.*

दोन्ही रांगांतून जो गलका उठला त्यात पुढचे संवाद कोणालाच ऐकू आले नाहीत. राहीबाई पदर डोळ्यांना लावून "माजा भाविक, माजा भाविक" म्हणत होती. पडद्यावर हीरो रुबाबात हसत होता, पण त्याच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. केसरीनाथ तर उभेच राहिले. आपलं नाव एवढ्या मोठ्या आवाजात, तेही थिएटरात ऐकल्यावर त्यांना बसवेना. "आयकला का? माजा नाव! केसरीनाथ!" ते अनोळखी माणसांना सांगत सुटले. फुशारकीचा त्यांना जो तिटकारा होता तो त्या दिवशी घरीच राहिला होता. भाविकने त्यांना गाठून तोंडाची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी ती हातानेच उडवून लावली.

बाहेर उन्हात टेम्पो भरेपर्यंत भाविक आणि मृणाली उसाच्या रसाच्या गाड्याशी उभे राहिले.

"आत्याला तुमची नावं घ्यायला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"मी. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला होता. म्हणाली, तुजा नवरा डुप्लिकेट हाय, त्याचा तोंड काढून टाकनार हायत. निदान त्याचे आयबापाचा नाव तरी राहू दे. तुजा बी घालू का? मी म्हटलं, घाला."

भाविकचा ग्लास तोंडाशीच थांबला. "ऑगस्टपासून ठाऊक होतं तुला? आणि बोलली नाहीस?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते. आठ महिने. आज सांगितलंस, धवला सुरू व्हायच्या आधी सांगितलंस." तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

"आणि सांगितलं नसतं तर? मोडलं असतंस?"

मृणालीने आपला ग्लास गाड्यावर ठेवला.

"छे. लग्न केलंच असतं," ती म्हणाली. "पण तू कामावरून आलास की रोज दारात विचारलं असतं, आज कोण आलंय?"