जांभळी पिशवी

अक्काच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, शिवणयंत्रावर चढून बसलेली पोरं, आणि सगळ्यांचे डोळे पलंगाच्या कडेला लटकणाऱ्या लघवीच्या पिशवीवर. पिशवी जांभळी झाली होती. शाईत बुडवून काढावी इतकी जांभळी.

अक्का माझी थोरली बहीण. कॅन्सरची गाठ निघाली म्हणून डॉक्टरांनी तिचं मूत्राशय काढलं आणि आतड्याचा तुकडा वापरून लघवीला पोटावरून वाट करून दिली. तेव्हापासून पोटाला एक पिशवी, आणि पडून राहायचं असलं की तिला जोडलेली ही मोठी. बाई मजेत कपडे शिवत होती. मग तिला ताप आला आणि तिचा जावई दवाखान्याऐवजी विषहारी बाबाला घेऊन आला.

"गाठीचं उरलंसुरलं विष मी ओढून काढलंय," बाबा म्हणाला. "आता गोळ्या बंद. पिशवी बदलाल तर विष उलट फिरेल."

लघवीत पांढरे तंतू तरंगत होते. बाबाच्या मते ती रोगाची तुटलेली मुळं निघाली. एका शेजारणीने मुळांनाही नमस्कार केला. बाबाला आणखी चेव आला. भक्तांचं विष आपण घोटाघोटाने पचवतो, असंही त्याने सांगून टाकलं.

अक्का पांघरुणात कुडकुडत होती. मला जवळ ओढून म्हणाली, "अरे, पाठीत कळा येतायत. ही माणसं मला हलू देत नाहीत. मी मरेन रे."

जन्मभर मी लोकांना लोणकढी थापा ऐकवल्या, पण माझ्या थापेने कोणाला साधी सर्दीही झाली नाही. या थापाड्याला मात्र सोडायचं नाही, असं मी तिथेच ठरवलं.

तिच्या सर्जनबाईंना घेऊन आलो. बाबाला म्हटलं, मोठ्या डॉक्टर खास तुमचा चमत्कार पाहायला आल्यात. बाबा फुगून दुप्पट झाला. बाईंनी हातमोजे चढवले, पिशवीची तोटी उघडली आणि लघवी काचेच्या ग्लासात घेतली.

ग्लासात पिवळी, गढूळ लघवी. जांभळं काही नाही.

"विष कुठे गेलं हो?" मी विचारलं.

बाई बाबाकडे न बघता लोकांशी बोलू लागल्या. लघवीत जंतू वाढलेत. पोट साफ नसलं की हे जास्त होतं. लघवीतल्या एका द्रव्यापासून काही जंतू निळा आणि तांबडा रंग तयार करतात. दोन्ही मिळून जांभळा, आणि तो प्लास्टिकमध्ये मुरतो. त्यांच्या वॉर्डातही एकाची पिशवी अशीच झाली होती, त्याने बाबाचं तोंडही पाहिलं नव्हतं. आणि ती मुळं? आतड्याचा बुळबुळीत स्राव. आतड्याला लघवीच्या कामाला जुंपलं तरी ते जुनी सवय सोडत नाही.

"जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचलेत," शेवटी त्या जावयाला म्हणाल्या. "रक्तात उतरले तर मीही काही करू शकणार नाही. उचला यांना."

जावई मान खाली घालून गाडी आणायला धावला. मी ग्लास उचलून बाबासमोर धरला.

"घ्या, बाबा. घोटाघोटाने."

बाबा मागे सरकला. "आज माझा उपास आहे."

"लघवीला कसला उपास?" मघाची शेजारीणच म्हणाली, आणि खोली हसून लोळायला लागली. बाबा भिंतीला चिकटत चिकटत दाराकडे सरकला. मी ग्लास घेऊन जिन्यापर्यंत पाठलाग केला. माझ्या वयात एवढा आनंद सहसा मिळत नाही.

अक्का वाचली, पण एक मूत्रपिंड अधू झालं. त्या भामट्याने ते खाल्लं, आणि त्याची माफी आमच्या घरात नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे.

तुम्हालाही सांगून ठेवतो. पिशवीचा रंग बदलला, ताप आला, पाठ दुखू लागली, तर हात जोडत बसू नका, दवाखाना गाठा. कारण विचारा. कारण विचारल्यावर जो डोळे वटारतो, त्याला उंबऱ्याबाहेर काढा.

बाबाने आता पलीकडच्या वस्तीत बस्तान मांडलंय. परवा अक्का तिथे जाऊन पहिल्या रांगेत बसली. बाबाने डोळे मिटून विचारलं, "बोल माउली, कुणाचा त्रास आहे?"

अक्का उभी राहिली. "तुमचा," म्हणाली, आणि गर्दीकडे वळून पहिल्यापासून सांगायला लागली.