करीमचाचांचं कोटेशन

“अब्बा, तोंडी न्हाय चालत. ह्या दोघांनी कसं लिहून दिलंय, तसं द्या,” फराज म्हणाला.

घरावर एक खोली चढवायची होती. एका ठेकेदाराचा आकडा एक लाख चाळीस हजार, दुसऱ्याचा एक लाख बावीस. करीमचाचांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. मंगळवार पेठेतलं हे खालचं घरही त्यांनीच बांधलेलं. त्यांनी नातीकडून, आफशीनकडून, वहीच्या पानावर तिसरं कोटेशन लिहून घेतलं. पंच्याण्णव हजार. स्वतःच्या मजुरीपुढे त्यांनी रेघ ओढायला सांगितली.

रविवारी बावीसवाला सयाजी आला. थापी धरायला तो चाचांकडेच शिकला होता. फराजनं तिन्ही कागद त्याच्यासमोर पसरले.

“हिशोब चोख हाय की, चाचा. पर वीट कोण लावणार?”

“मी.”

“मग जरा वळंबा धरून दावा.”

चाचा हसत उठले. खुंटीवरचा ओळंबा काढून त्यांनी भिंतीशी दोरी धरली. शिशाचा गोळा डुलत राहिला, भिंतीवर टकटक आपटत राहिला. चाचांनी दुसऱ्या हातानं मनगट आवळलं. तरी तो थांबेना. फराज मोबाइलकडे बघत होता.

“सोडा की आता,” शेवटी आतून नजीराचाची ओरडल्या.

फराजनं वहीचं पान उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर सयाजीशी घासाघीस मांडली.

“अजून खाली या.”

“न्हाय परवडत. पाणी मारायला, माल राखायला माणूस ठेवावा लागतोय. म्हयन्याला तीन हजार त्यालाच जात्यात.”

“त्ये अब्बा करतील. तेवढं कमी करा.”

सयाजीनं एकदा चाचांकडे पाहिलं. मग खिशातलं पेन काढून तीन हजार वजा केले.

महिन्याभरात वर भिंती उभ्या राहिल्या. सकाळ-संध्याकाळ चाचा शिडी चढून पाणी मारत. एका दुपारी खिडक्यांच्या ग्रिलचा नमुना घेऊन कुणी एक जण रस्त्यात उभा राहिला.

“ओ पावणं, घरमालक हाईत का?”

चाचांनी खाली वाकून पाहिलं.

“कामावर गेल्यात. सांजच्याला या,” ते म्हणाले आणि पाइप पुढच्या भिंतीकडे वळवला.